तीनशेवी प्रत

शरू, तुझ्या शोकसभेतसुद्धा मला तुझा हेवा वाटला, हे आधी सांगून टाकते. नाहीतर पुढचं काहीच तुला खरं वाटायचं नाही.

जयपूरच्या मालवीय नगरातला मराठी मंडळाचा हॉल गच्च भरला होता. खुर्च्या कमी पडल्या म्हणून शेजारच्या कोचिंग क्लासमधून बाकं आणली. तुझ्या वर्तमानपत्रातली माणसं होती, तू ज्यांना बातमी लिहायला शिकवलंस ती मुलंमुली होती, तुझी भाजीवाली मागे भिंतीला टेकून डोळे पुसत होती. मी तिसऱ्या रांगेत बसून मनात म्हणत होते, माझ्या वेळेला एवढे येतील का? मग स्वतःचीच लाज वाटली. आणि लाज वाटत असतानाही माझी नजर दाराकडेच, अजून कोण येतंय ते बघत.

आज अठरा दिवस झाले तुला जाऊन. चाळीस वर्षं मी तुझ्यावर जळत आले आणि तुला ते पक्कं ठाऊक होतं. तू कधी त्याचा बाऊ केला नाहीस, हेही मला खुपायचं. एखादीने निदान चिडावं. तू मात्र "काय व नंदे, आज कशावरून फुगली?" असं विचारून माझ्यापुढे चहाचा कप सरकवायचीस. आता फुगायला समोर कुणी उरलं नाही. घरात एकटीनेच फुगून बघितलं दोन दिवस, पण ते काही जमत नाही.

तुझ्या मुक्ताने फोन केला होता सभेच्या आदल्या दिवशी. "मावशी, मतलब, तुम्ही दोन शब्द बोलाल ना आईबद्दल? तुम्ही तर कॉलेजपासून होत्या तिच्यासोबत. आणि तांगेनी अंकल पण नामिबियाहून व्हिडिओवर येणार आहेत." तांगेनीचं नाव ऐकलं आणि मी फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला लावला. म्हटलं, बोलेन बाळा. मग रात्रभर नाही, पण सकाळभर कागद घेऊन बसले आणि चार छान वाक्यं लिहिली. त्यातलं एकही खोटं नव्हतं, आणि जे सांगायला हवं होतं ते त्यात नव्हतं.

ते काय, हे तुला माहीत आहे. पण मला ते एकदा सुरुवातीपासून सांगायचं आहे. तूही ऐक. माझ्या बाजूने तू हे कधीच ऐकलेलं नाहीस.

सुरुवात म्हणजे हीच, की तुला तिथे नेलं मी. हे तू कधी नाकारलं नाहीस, पण आपणहून कधी कुणाला सांगितलंही नाहीस. बी.ए.च्या वर्गात आपण दोघीच मराठी. माझे अण्णा सैन्यात सुभेदार, मी साताऱ्याकडची, राहायला मिलिटरी स्टेशनच्या क्वार्टरमध्ये. तू अमरावतीकडची, तुझे बाबा विश्वकर्मा इलाक्यातल्या कारखान्यात टर्नर. संध्याकाळी तू वादविवादाच्या तयारीला थांबायचीस आणि मी टायपिंगच्या क्लासला जायचे. तिथल्या सरांचा एकच नियम होता. समोरच्या कागदावर जे आहे ते सगळं, जसंच्या तसं. आपलं डोकं चालवायचं नाही, एक शब्द गाळायचा नाही. गाळला की पान पुन्हा पहिल्यापासून.

माझ्या शेजारच्या मशीनवर नांगुला बसायची. उंच, अबोल, बोटं लांबसडक. ती नामिबियाची होती. तेव्हा तो देश दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारच्या ताब्यात होता. तिच्या शाळेतल्या मुलांनी वर्गावर बहिष्कार घातला, मागोमाग गावात सैनिक आले, आणि ही रातोरात सीमा ओलांडून निघाली. चार देश हिंडून शिष्यवृत्तीवर जयपूरला पोचली होती. टायपिंग कशाला शिकतेस म्हणून विचारलं, तर म्हणाली, आमचा एक पेपर आहे.

तो पेपर म्हणजे आदर्श नगरातल्या एका घराच्या गच्चीवरची खोली. एक टाइपरायटर, एक सायक्लोस्टाइल मशीन, चार-पाच परदेशी विद्यार्थी आणि स्टेन्सिलच्या मेणकागदाचा वास. देशाबाहेर पांगलेल्या त्यांच्या मुलामुलींसाठी महिन्याला एक अंक निघायचा आणि पोस्टाने कुठे कुठे जायचा. लुसाका, लंडन, प्राग, आणि इकडे पुणे, दिल्ली, अलिगढ. घरी काय चाललंय, कुणाला पकडलं, कोण सुटलं, कुठल्या शाळेत संप झाला, हे त्या लोकांना त्यातूनच कळायचं. तांगेनी त्याचा संपादक. काटकुळा, जाड चष्म्याचा, अर्थशास्त्राचा विद्यार्थी. त्याला शुद्ध इंग्रजी आणि भरभर टायपिंग येणारी माणसं हवी होती. मी तुला म्हटलं, चल, मजा येईल.

मजा तुला आली. मी नेलं आणि दोन आठवड्यांत तू तिथली झालीस.

त्यांची रीत होती ना, खरं नाव कुणी छापायचं नाही. घरी मागे राहिलेल्यांना त्रास होऊ नये म्हणून. प्रत्येकाने लेखाखाली आपल्या गावच्या नदीचं नाव घालायचं. नांगुला 'कुनेने' होती. लेखकाने हस्तलिखिताच्या वरच्या कोपऱ्यात आपलं खरं नाव लिहायचं, ते फक्त संपादकासाठी, आणि शेवटी नदी. टाइप करताना कोपरा सोडून द्यायचा. मी 'कृष्णा' झाले. खरं तर मी छावण्यांमध्ये वाढले, कृष्णेच्या काठी सुट्टीत चार दिवस गेले असेन तेवढंच. तांगेनीने तुला विचारलं, तुझी नदी कुठली? तू म्हणालीस, शरयू. तो म्हणाला, नाव नको, नदी सांग. तू म्हणालीस, हीच नदी आहे. तो इतका हसला की चष्मा काढून पुसावा लागला.

म्हणजे त्या अख्ख्या पेपरात एकट्या तुझंच खरं नाव छापून यायचं. जन्मल्या जन्मल्या तुझी सोय झालेली. तेव्हापासून जे माझ्या मनात ठसठसायला लागलं ते अजून थांबलेलं नाही.

तू चांगलं लिहायचीस, हे मी तेव्हाही कबूल करत होते, फक्त तुझ्यासमोर नाही. नांगुला पहिल्यांदा तुमच्या घरी आली आणि तुझ्या आईने तिला बाजरीची भाकरी वाढली, तो प्रसंग आठवतो? ती भाकरी हातात घेऊन ती नुसतीच बसून राहिली. मग म्हणाली, आमच्याकडेही हेच धान्य. तुझी आई म्हणाली, "खा व माय, मंग आपलंच घर हाय हे." नांगुलाला शब्द कळले नाहीत, पण ती चार भाकऱ्या जेवली. माझ्याकडे ती कधी आली नव्हती. क्वार्टरमध्ये परदेशी पाहुणे आणायचे तर परवानगी लागायची. मला त्या भाकरीचाही हेवा वाटला, शरू. आधी मैत्रीण माझी होती.

आणि मग तो अंक.

नांगुलाने पहिल्यांदाच मोठं काहीतरी लिहिलं होतं. शाळेच्या संपाची पत्रकं तिच्या आईने बाजरीच्या कणगीत लपवली, सैनिकांनी अख्खी कणगी अंगणात पालथी केली, आणि आई खाली बसून शांतपणे दाणे गोळा करत राहिली, दाण्यांखालचे कागद झग्याखाली सारत. एवढंच. पण तांगेनीने ते लागोपाठ दोनदा वाचलं. त्याच अंकात माझाही पहिला लेख होता, 'कुत्र्याची कबर'. अण्णांच्या आधीच्या पोस्टिंगमध्ये आमच्या क्वार्टरमागे एका गोऱ्या साहेबाच्या कुत्र्याची कबर होती. दगडावर कुत्र्याचं नाव कोरलेलं, आणि त्याच छावणीतून लढाईवर जाऊन परत न आलेल्या आपल्या शिपायांचं नाव कुठेच नाही. मला तो लेख फार आवडत होता. अजूनही आवडतो.

तांगेनी तेव्हा दोन दिवस दिल्लीला गेला होता. जाताना म्हणाला, शरयू नांगुलाच्या लेखाची भाषा बघेल आणि नंदा टाइप करेल. बस्स, एवढंच वाक्य. त्यात वाईट काही नव्हतं. पण तू लेख मांडीवर घेऊन नांगुलाशी एकेका शब्दावर बोलत बसलीस, तुम्ही दोघी मधेच हसायचात, मधेच गप्प व्हायचात, आणि मी मशीनपाशी, मेणकागदावर टाइप करायचं म्हणून रिबन काढून ठेवून, वाट बघत होते. शेवटी तू कागद माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, "घे, आता याले हात नको लावू, जसं हाय तसंच टाइप कर."

माझ्या मस्तकात गेलं. टायपिस्टच समजता ना मला? मग घ्या, जसंच्या तसं. मी दात-ओठ खात पहिल्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. हात सवयीने चालला असं मी पुढे स्वतःला कितीदा सांगितलं. सवय होती हे खरं. पण त्या मेणकागदावर नांगुलाचं नाव आणि आडनाव उमटताना मी पाहिलं होतं. पाहिलं आणि पुढे गेले. त्या क्षणी मला फक्त तुझा राग दिसत होता.

मेणकागदावरची चूक दुरुस्त करायला लाल औषध असतं. नखांच्या रंगासारखं, दोन थेंब लावले की झालं. दोन थेंबांचं काम होतं.

आपण दोघींनी संध्याकाळपर्यंत तीनशे प्रती काढल्या. मी हँडल फिरवत होते, तू कागद उचलत होतीस, दोघींचे हात कोपरापर्यंत काळे. तू शाईत इतकी बुडाली होतीस की पान वाचायला तुला फुरसत नव्हती. निघताना मी एक स्वच्छ प्रत पर्समध्ये घातली, अण्णांना दाखवायला. अण्णांनी चष्मा लावून 'कुत्र्याची कबर' पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली. त्यांचं इंग्रजी बेताचंच. म्हणाले, "टायपिंग स्वच्छ आहे गं." मी त्या दिवशी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. आपण गेलो तर तांगेनी दिल्लीहून येऊन बसलेला, पहिली प्रत हातात. त्याचा चेहरा मी विसरू शकत नाही. नांगुलाचे दोन भाऊ अजून गावात होते. आई होती, त्या कणगीसकट. त्याने विचारलं, "हे कुणी टाइप केलं?"

मी तोंड उघडलंच होतं. देवाशपथ उघडलं होतं. पण माझ्या आधी तू म्हणालीस, "मी."

शरू, तुला कुणी सांगितलं होतं? टाइप करायला तो मला सांगून गेला होता, पण तुझे हात काळे बघून त्याने धरून चालला, ऐन वेळी मशीनवर तूच बसलीस. माझेही काळेच होते. पण त्याने माझ्याकडे बघितलंही नाही.

त्यानंतर दिवसभर आपण ब्लेड घेऊन बसलो. शाईने खोडून चालणार नव्हतं, उजेडाला धरलं की वाचता आलं असतं. प्रत्येक प्रतीवरून बोटभर रुंदीचा एक चौकोन कापायचा. आणि चौकोनाच्या पाठीमागे काय होतं? माझ्या लेखाचं शीर्षक. एकेका प्रतीत माझ्या मथळ्याच्या जागी खिडकी पडत होती आणि मला बोलता येत नव्हतं. तू मात्र मधेच खाली वाकून म्हणालीस, "कुत्र्याचं डोकंच उडालं व नंदे." मला हसू आलं. त्या हसण्याबद्दल मी स्वतःला कधी माफ केलं नाही. नांगुला समोर बसून कापलेले तुकडे एकेक करून मेणबत्तीवर जाळत होती. तुझ्याकडे ती रागाने बघेल असं मला वाटलं होतं, पण तिने उठून तुझ्या बोटाला चिंधी बांधली, ब्लेड लागलं होतं म्हणून.

शेवटी तू प्रती मोजल्यास. मोजून झाल्यावर पुन्हा मोजल्यास. मग वर बघितलंस, सरळ माझ्याकडे. मी मशीनकडे बघत राहिले.

तांगेनीने विचारलं, "सगळ्या झाल्या?"

"तीनशेच्या तीनशे," तू म्हणालीस.

बसमध्ये तू माझ्या कानाशी एवढंच बोललीस. "नंदे, ते प्रत जाळून टाक." मी हो म्हटलं. आणि जाळली नाही. नांगुलाच्या आईची काळजी नव्हती असं नाही. घरी पोचून काडेपेटीही घेतली होती हातात. पण त्या एका प्रतीत माझा लेख धड होता, मथळ्यासकट. बाकीच्या दोनशे नव्व्याण्णव ठिकाणी तो डोकं नसलेला फिरणार होता. मी ती प्रत ट्रंकेत, अण्णांच्या जुन्या ओव्हरकोटाच्या घडीत ठेवली.

पुढच्याच आठवड्यात तांगेनीने तुला पत्त्यांची वही दिली.

वही म्हणजे त्या पेपरचा जीव. कोण कुठे आहे, कुणाला कुठल्या नावाने पाकीट पाठवायचं, सगळं त्यात. ती तोवर त्याने स्वतःच्या उशीखालून हलवली नव्हती. ती तुझ्याकडे गेली आणि मी घरी येऊन अण्णांवर, आईवर, भांड्यांवर राग काढला. एवढी मोठी चूक केली, असं तो समजतो ना, मग तिलाच वही? मला उमजेना. चाळीस वर्षं उमजलं नाही.

पुढचं आयुष्य तर लोकांनी सभेत सांगितलंच. तू वर्तमानपत्रात गेलीस, मी सरकारी कार्यालयात स्टेनो झाले, जसंच्या तसं लिहिण्याचीच नोकरी. त्यांचा देश स्वतंत्र झाला, काही वर्षांनी तांगेनीने तुला बोलावलं, तू त्यांच्या राजधानीला, विंडहोकला, जाऊन आलीस. मला एक टोपली आणलीस विणलेली. मी टोपली बाजूला ठेवून विचारलं, "त्या दिवशी तू 'मी' का म्हणालीस? मला विचारलं होतंस?" तू म्हणालीस, "तुले विचारत बसली असती तं तू रडली असती, आन् त्याले कळलं असतं." मी म्हटलं, कळलं असतं तर कळलं असतं, चूक माझी होती. तू म्हणालीस, "मंग आता सांग ना. फोन लावू?" आणि खरंच फोनकडे गेलीस. मी पर्स उचलून निघून आले. दोन महिने आपण बोललो नव्हतो. ते भांडण तिथेच राहिलं बघ. मी नेमकी कशावर चिडले होते? तू माझी चूक आपल्यावर घेतलीस यावर नाही. माझी चूकसुद्धा तुझ्या अंगावर माझ्यापेक्षा शोभून दिसली, यावर.

आणि तरी माझे हे गेले तेव्हा तू अकरा दिवस माझ्या घरी राहिलीस. भेटायला येणारी माणसं माझं सांत्वन करून तुझ्याशीच बोलत बसायची. मी आत पडून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, नवरा माझा गेलाय. पण सकाळी तुझा हात कपाळावर असायचा, आणि तो नसता तर मी उठले नसते. हे तुला कधी सांगितलं नाही. आता लिहून ठेवते.

इस्पितळातली ती दुपार. मुक्ता औषधं आणायला खाली गेली होती. तुझा आवाज पार बसलेला. तू म्हणालीस, "ते प्रत हाय ना व तुझ्याजवळ?"

मी म्हटलं, "छे गं. तेव्हाच जाळली."

तू डोळे मिटलेस. मला वाटलं, बरं वाटलं असेल तुला. आता वाटतं, तू मला शेवटची एक संधी देत होतीस आणि मी तीही घेतली नाही. चार दिवसांनी तू गेलीस.

तर शोकसभा. पडद्यावर तांगेनी आला. केस पांढरे, चष्मा तसाच जाड. तुझ्याबद्दल बोलायला लागला आणि त्याने नेमकी तीच गोष्ट काढली. ब्लेड, चौकोन, तीनशेच्या तीनशे. म्हणाला, "त्या खोलीत चुका सगळ्यांच्या व्हायच्या. पण विचारल्याबरोबर 'मी' म्हणणारी ती एकटीच. त्याच दिवशी मी ठरवलं, वही हिच्याकडे जाणार."

हॉलमध्ये टाळ्या झाल्या. कळलं का तुला, शरू? ज्या वहीवरून मी आयुष्यभर तुझ्यावर जळले, ती त्या 'मी'साठी मिळाली होती. आणि तो 'मी' माझा होता. तोंड उघडायला एका श्वासाचा उशीर झाला मला.

तो पुढे बोलला ते तू ऐकायला हवं होतंस. नांगुला चार वर्षांपूर्वी गेली, शाळेत शिकवून निवृत्त झाल्यावर. तिच्या गावात तांगेनीने एक लहानसं वाचनालय काढलंय. आपला पेपर जिथे जिथे गेला होता तिथून त्याने जुने अंक मागवून घेतले. त्या अंकाच्या अकरा प्रती मिळाल्या, अकराही प्रतींना चौकोनी भोक. कणगीची गोष्ट तिथल्या मुलांना वाचून दाखवतात. नांगुलाची नात सगळ्यांना सांगते, ही माझ्या आजीने लिहिली. मुलं म्हणतात, कशावरून? खाली तर नदीचं नाव आहे, आणि त्या नदीच्या काठी हजार माणसं राहतात. नांगुलाने स्वतः कधी दावा केला नाही. हस्तलिखित केव्हाच जाळलेलं. तांगेनी म्हणाला, "मी सांगतो त्यांना. पण मी म्हातारा माणूस, माझ्या आठवणीवर किती दिवस चालणार?"

मग मुक्ताने माझं नाव पुकारलं. मी माइकपाशी गेले आणि ती चार छान वाक्यं वाचली. लोकांनी रुमाल काढले. मी खाली येऊन बसले.

घरी येऊन ट्रंक उघडली. ओव्हरकोटाला कसर लागली आहे, पण प्रत धड आहे. वरच्या कोपऱ्यात नांगुलाचं नाव, आडनाव, स्वच्छ. टायपिंग स्वच्छच होतं माझं. उलटून बघितलं, 'कुत्र्याची कबर', मथळ्यासकट. पान समोर ठेवून मी दोन दिवस बसून होते. खरं सांगते, पहिला विचार काय आला असेल? की ही एकच प्रत अशी आहे जिला तुझं ब्लेड लागलेलं नाही. ही एकटी पूर्ण माझी. आणि ती पाठवायची म्हणजे सांगावं लागणार, टाइप मी केलं, गप्प मी राहिले, घरी मी नेली, आणि शरयू तीनशे म्हणाली तेव्हा खोटं बोलली. तू आता जाब द्यायला नाहीस. मेलेल्या मैत्रिणीची गोष्ट तिच्या हातातून काढून घ्यायला मी निघाले आहे का, हेही विचारून बघितलं स्वतःला. थोडी निघाले होते. पण मला त्या नातीचा चेहरा डोळ्यांसमोर येत होता, जिला मी बघितलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी मुक्ताकडून नंबर घेतला आणि फोन लावला. तांगेनी पडद्यावर आला. मी आधी पान कॅमेऱ्यासमोर धरलं. त्याने चष्मा वर केला, खाली केला, तोंड अगदी जवळ आणलं. मग नांगुलाचं पूर्ण नाव मोठ्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मागे कुणाला तरी हाक मारली, त्यांच्या भाषेत.

मग म्हणाला, "पण शरयू तर तीनशे म्हणाली होती."

"खोटं बोलली," मी म्हटलं. "टाइप मी केलं होतं. ही प्रतही मीच नेली होती. तिला ठाऊक होतं."

मला वाटलं, आता चिडेल. चिडावं असंच वाटत होतं मला, चाळीस वर्षांचं एकदम. त्याने चष्मा काढला आणि पुसत पुसत म्हणाला, "इतकी वर्षं! आणि तिने एकदाही तुझं नाव घेतलं नाही. काय बाई होती!"

बघ. बघ तूच. कबुली मी दिली, कौतुक तुझं. तुला खोटं पाडायला इतकी वर्षं लागली मला, आणि पाडल्यावर तू आणखीच मोठी झालीस. मला राग आला नाही, असं लिहिणार होते. आला. फोन ठेवून मी तुझ्या नावाने चांगली दहा मिनिटं बोलले, आणि मग भिंतीला टेकून रडले, तुझ्या शोकसभेत रडू आलं नव्हतं तेवढी.

आज पाकीट पाठवलं. मूळ प्रतच पाठवली, माझ्याकडे झेरॉक्स ठेवली आहे. तांगेनी म्हणाला होता की सोबत एक चिठ्ठी दे, मुलांना कळावं, ही प्रत कुणाची. त्यासाठी कपाटावरचा जुना टाइपरायटर काढला. पहिल्या ओळीत लिहिलं, लेख नांगुलाचा. दुसरीत, टाइप केलं नंदाने. तिथे थांबता आलं असतं. बोटं थांबलीही होती, खोटं कशाला बोलू. मग सरांचा नियम आठवला, शब्द गाळायचा नाही, आणि तिसरी ओळ टाइप केली: तीनशेवी म्हणून मोजली शरयूने.